भारी टायर, बेताचं बजेट आणि राधानगरीचा पाऊस

कोल्हापुरातून राधानगरीकडे निघालं की पुईखडी ओलांडल्यावर रस्ता भोगावतीच्या खोऱ्यात शिरतो. हळदी, परिते, भोगावतीचा साखर कारखाना, मग राधानगरी. तिथून धरणाच्या कडेकडेनं दाजीपूरचं जंगल आणि पुढं फोंडा घाटातून थेट कोकण. गाडी चालवायची हौस असलेल्या माणसाला याहून गोड रस्ता जिल्ह्यात शोधावा लागेल. आंबोलीवाले भांडतील, भांडू देत. या रस्त्यावर एकदा मनासारखी गाडी चालवली की पुढच्या आठवड्यात माणूस टायरच्या दुकानात उभा असतो. मागणी ठरलेली असते: ‘गाडीला जरा भारी टायर टाकायचेत, पण परवडणारे सांगा.’

कोल्हापूरला गाड्यांचं वेड नवं नाही. छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याला बाहेर निघते तेव्हा निम्म्या नजरा तिच्यावरच असतात. मोहिते रेसिंग अकॅडमीमुळं ट्रॅकवर गाडी पळवणारी पोरंही इथं तयार झाली. पण दोन दारांची, बुटकी, खरीखुरी स्पोर्ट्‌स कार आपल्याकडं विरळाच. हौसेच्या गाड्या म्हणून दिसतात त्या पोलो जीटी, आय-ट्वेंटी एन-लाइन, व्हर्टस जीटी किंवा सेकंडहँड घेतलेली ऑक्टाव्हिया आरएस. यातली पोलो तर २०२२ मध्ये बंदही झाली, पण तिचे भक्त अजून तिला जपून आहेत. यातल्या बहुतेक गाड्यांचं इंजिन दमदार आणि बांधणी घट्ट. मात्र कंपनीनं दिलेला टायर मायलेज, आवाज आणि किंमत यांचा मेळ घालून निवडलेला असतो. त्यामुळं टायर बदलणं हा अशा गाडीचा स्वभाव बदलायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे. एक्झॉस्ट आणि स्टिकर यांचा नंबर फार नंतर.

साधा हिशेब करू. बाराशे किलोची गाडी, म्हणजे एका चाकावर सरासरी तीनशे किलो. हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला तर एका टायरची रस्त्याला टेकणारी जागा सुमारे १३३ चौरस सेंटीमीटर येते. जेमतेम सोळा सेंटीमीटर बाय आठ. वळण, ब्रेक, वेग, सगळा कारभार तेवढ्या जागेवर चालतो.

थंड देशांत टायरचे तीन वर्ग मानतात: उन्हाळी, हिवाळी आणि बारमाही. तिथं सर्वसाधारण नियम असा की तापमान सात अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड सोडायला लागतं. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीही पारा सहसा तेरा-चौदा अंशांच्या आसपास थांबतो. म्हणजे आपल्याकडं दुकानात मिळणारा जवळजवळ प्रत्येक कार-टायर उन्हाळी वर्गातलाच असतो आणि वर्षभर तोच चालतो. हिवाळी टायरचा आपल्याशी संबंध एकाच ठिकाणी येतो. परदेशातून आलेले वापरलेले टायर कधीकधी स्वस्तात पुढं केले जातात. त्यांच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाच्या फुलाची खूण दिसली तर हात लावू नये. ते रबर बर्फासाठी केलेलं असतं; मे महिन्यातल्या तापलेल्या डांबरावर ते लिबलिबतं आणि बघताबघता झिजतं.

मग आपली खरी परीक्षा कुठल्या महिन्यात? माझ्या मते जुलैमध्ये. राधानगरी धरणाच्या परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पलीकडं पाऊस पडतो. याच जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळकडं त्याचा पाचवा-सहावा हिस्साही मुश्किलीनं पडतो. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला इथलीच जागा निवडली, ती उगाच नव्हे. म्हणून परदेशी मासिकांत कोरड्या ट्रॅकवर कोणता टायर अर्ध्या सेकंदानं पुढं आला हे वाचून टायर ठरवणारा राधानगरीचा माणूस चुकीची परीक्षा बघतोय. आपल्या यादीत पहिला रकाना ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकचा हवा.

आता रबराकडं वळू, कारण पकड येते कुठून हे कळलं की किमतीतला फरकही कळतो. डांबरी रस्ता बारकाईनं पाहिला तर खडबडीत असतो. टायरचं रबर त्या खडीच्या टोकांवर दबतं, सुटतं, पुन्हा दबतं. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, काही भाग उष्णता होऊन जातो. हा तोटाच पकड देतो. पण हाच तोटा गाडी सरळ चालताना पेट्रोल खातो. म्हणजे मायलेज हवं तर तोटा कमी हवा, आणि पकड हवी तर जास्त. यातून वाट निघाली ती या गोष्टीमुळं, की चाक फिरताना रबर सेकंदाला दहा-वीस-पन्नास वेळा दबतं, तर ब्रेक लागून ते खडीवरून किंचित घसरतं तेव्हा हेच दबणं-सुटणं हजारो पटींनी जलद होतं. मंद दबण्यात कंजूष आणि जलद दबण्यात उधळा असा रबराचा पाक जमला, तर दोन्ही साधतं. पूर्वी रबरात काजळी घालत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिननं तिच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिलिका वापरायला सुरुवात केली आणि हे गणित बऱ्यापैकी सुटलं. सिलिका रबरात सहज मिसळत नाही, तिला जोडणारं रसायन लागतं, कारखान्यात मिश्रण सांभाळून करावं लागतं. स्वस्त आणि महाग टायरमधला किमतीचा मोठा भाग या पाकातच असतो, नक्षीत नव्हे. नक्षी कुणालाही उतरवता येते. बाणासारखी तिरकी, आक्रमक नक्षी बघून टायर घेणारे पुष्कळ आहेत. दुकानदारही तीच आधी दाखवतो.

अर्थात नक्षी निकामी नाही. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचलंय, टायर २०५ मिलिमीटर रुंद आहे आणि वेग ताशी ८० किलोमीटर आहे, तर त्या एका टायरला सेकंदाला साडेतेरा लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारावं लागतं. खाचा खोल असतील तर पाणी त्यांतून निघून जातं. टायर गोटा झाला असेल तर पाण्याची पाचर टायरखाली शिरते आणि गाडी रस्ता सोडून पाण्यावर तरंगते. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. ब्रेक दाबून उपयोग नसतो. नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून याचं एक ठोकताळ्याचं सूत्र दिलं. पीएसआयमधल्या हवेचं वर्गमूळ काढा, त्याला सुमारे १६.७ नं गुणा. गुळगुळीत टायर किती वेगाला तरंगेल ते ताशी किलोमीटरमध्ये मिळतं. ३६ पीएसआयला १००, ३२ ला ९४, पण २५ पीएसआयला ८३. कारच्या टायरला खाचा असतात, म्हणून आकडा तंतोतंत लागू होत नाही, पण कल लागू होतो. हवा कमी तर धोका लवकर. ‘पावसात हवा थोडी कमी ठेवा, पकड वाढते’ हा सल्ला आपल्याकडं इतका फिरतो की तो कुणी पहिल्यांदा दिला त्याला शोधून हे सूत्र पाठ करायला लावावं.

याच कारणानं रुंद टायरची हौसही जपून करावी. रुंदी वाढली की सारायचं पाणी वाढतं. कोरड्या वळणावर फायदा, साचलेल्या पाण्यात तोटा.

ओल्या पकडीतला थोडासा फरक किती महाग पडतो तेही पाहू. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी, ओला रस्ता. एका टायरचा घर्षणांक ०.६, दुसऱ्याचा ०.५. ब्रेक लागल्यावर पहिली गाडी सुमारे २४ मीटरवर थांबते, दुसरी २८ मीटरवर. चारच मीटर, असं वाटतं. पण पहिली जिथं थांबली तिथून दुसरी ताशी चोवीस किलोमीटरच्या वेगानं पुढं जात असते. दाजीपूरच्या अभयारण्यातून जाणाऱ्या पट्ट्यात संध्याकाळी समोर गवा उभा असू शकतो, आणि मोठा नर वजनाला टनाच्या जवळपास भरतो. तिथं मुळात साठचा वेगही जास्तच आहे, हा भाग वेगळा.

टायरच्या हातात नसलेल्या गोष्टीही या रस्त्यावर आहेत. गळिताच्या हंगामात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चाकांना लागलेला चिखल डांबरावर आणून टाकतात, वरून पाचट पडतं. जूनच्या पहिल्या वळवात धूळ, तेल आणि टायरची झीज यांचा राडा होतो; मुरलेल्या पावसापेक्षा तो निसरडा. पश्चिमेकडं तांबडी माती रस्त्यावर वाहून येते आणि झाडीच्या सावलीत कडेला शेवाळ धरतं. अशा थरावर रबर खडीपर्यंत पोचतच नाही. तिथं पन्नास हजारांचा संच आणि पंधरा हजारांचा संच एकाच ओळीत बसतात.

दुकानात उभं राहून टायर कसा वाचायचा? बाजूवर २०५/५५ आर १६ ९१ व्ही असं काही लिहिलेलं असतं. २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, इथं सुमारे ११३ मिलिमीटर. १६ हा रिमचा इंचातला व्यास. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलोपर्यंत भार चालतो आणि ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची वेगक्षमता. ‘एच’ २१०, ‘डब्ल्यू’ २७०. आपल्याला २४० नं जायचं नाहीच, पण वरच्या वेगश्रेणीच्या टायरचा सांगाडा बहुधा घट्ट असतो, वळणात कमी डुलतो. म्हणून कंपनीनं दिलेल्या श्रेणीच्या खाली उतरू नये. बऱ्याच टायरवर ‘ट्रेडवेअर’चा आकडाही असतो. शंभर हा मोजणीचा पाया, तीनशेचा टायर कागदोपत्री त्याच्या तिप्पट टिकतो. हे आकडे कंपन्या स्वतःच ठरवतात, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये. तरी ढोबळ अंदाज येतो: पाचशेच्या वरचा टायर टिकाऊपणासाठी केलेला, तीनशेच्या आसपासचा पकडीसाठी. दोनशे आणि त्याखालचे, कमी खाचांचे टायर ट्रॅकवाल्यांसाठी असतात. ते घालून जुलैमध्ये राधानगरीला जाणं म्हणजे संकटाला आवतण.

ओल्या पकडीची सरळ माहिती युरोपातल्या लेबलवर मिळते. तिथं ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेणी आहेत आणि एका श्रेणीचा फरक म्हणजे ताशी ८० वरून थांबताना साधारण तीन ते सहा मीटर. आपल्याकडंही २०२२ मध्ये केंद्र सरकारनं टायरचा आवाज, इंधनाचा तोटा आणि ओली पकड यांची किमान मानकं लागू करायला सुरुवात केली. पण किमान म्हणजे पास-नापास. पास झालेल्यांत पहिला कोण हे त्यावरून कळत नाही. काही टायरवर वीजबचतीच्या उपकरणांसारखे तारे दिसतात. ते मुख्यतः इंधनबचतीचे आहेत, पकडीचे नव्हेत. पाच तारे बघून घाटात निर्धास्त होऊ नये. तोच टायर, त्याच मापात युरोपात विकला जात असेल तर तिथली श्रेणी शोधून पाहणं हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग. इथं ‘त्याच नावाचा’ आणि ‘तोच’ यात फरक असू शकतो, तेवढं तपासावं.

आता पैशाचा मुद्दा. जून २०२० मध्ये केंद्रानं टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन घातलं. त्यामुळं हौशी लोकांचे आवडते परदेशी टायर दुर्मीळ आणि महाग झाले; एखादं माप महिनोन्‌महिने मिळत नाही, असं होऊ लागलं. दुसऱ्या बाजूनं, देशात तयार होणारे चांगले टायर वाढले. अपोलोनं २००९ मध्ये व्रेडेस्टाइन ही डच कंपनी घेतली आणि २०२१ पासून त्या नावाचे टायर भारतात बनवून विकायला सुरुवात केली. ब्रिजस्टोनचा चाकणला कारखाना आहे, गुडइयरचा वाळूजला. सिएटचं मूळ इटलीतल्या तुरीनचं. ती १९५८ मध्ये मुंबईत आली आणि आज तिचे नाशिक, नागपूरला कारखाने आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. कराआधी आठ हजारांचा टायर धरला तर पूर्वी तो १०,२४० ला पडायचा, आता ९,४४०. चार टायरमागं ३,२०० रुपये वाचले. ते रिमवर घालवू नका, असं मी म्हणेन.

कारण पैसे सगळ्यांत जास्त वाया जातात ते तिथंच. सोळाचं रिम काढून सतराचं अलॉय टाकलं की गाडी दिसते झकास. व्यास तेवढाच ठेवायचा म्हणून २०५/५५ आर १६ च्या जागी २१५/४५ आर १७ येतो. ११३ मिलिमीटरची बाजू ९७ वर येते. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये असलेलं सोळा मिलिमीटर रबर गेलं. पावसाळ्यात खड्डा पाण्यानं भरलेला असतो, तो दिसतच नाही. धक्का बसला की आतले धागे तुटतात, बाजूला फुगा येतो आणि फुगा आलेल्या टायरला इलाज नाही. पंक्चर काढता येतं, फुगा नाही. वर मोठं चाक सहसा जड असतं, म्हणजे इंजिनाचा चटपटीतपणाही थोडा गेला. सतराचं रिम आणि बेताचा टायर घेण्यापेक्षा कंपनीचं सोळाचंच रिम ठेवून त्यावर उत्तम टायर घालणारा माणूस फोंडा घाटात जास्त मजेत असतो.

सोळा इंचांत राहिलं की निवडही सोपी होते. मिशेलिनची पायलट स्पोर्ट मालिका किंवा तिच्या तोडीचे टायर प्रामुख्यानं सतरा आणि त्यावरच्या मापात येतात. ते घेण्याइतकं बजेट असेल आणि गाडीलाच ते माप असेल तर पावसालाही ते चांगले, फक्त झिजतात लवकर. बाकीच्यांसाठी खरा बाजार मधल्या पायरीवर आहे: व्रेडेस्टाइन अल्ट्रॅक, कॉन्टिनेन्टल अल्ट्राकॉन्टॅक्ट, मिशेलिन प्रायमसी, ब्रिजस्टोन टुरान्झा, गुडइयर अश्युरन्स ट्रिपलमॅक्स. यातले काही टायर आरामाकडं झुकलेले आहेत आणि हौशी पोरं त्यांना नाकं मुरडतात. तरीही ओल्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी शंभरात नव्वद वेळा याच पायरीवरचा टायर सुचवीन. किंमत विचारताना चारही टायरची, बसवणी, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह धरून विचारावी. जुन्या टायरचे पैसेही मिळतात. विचारल्याशिवाय कुणी देत नाही.

टायर घेताना बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचायलाच हवा. २३२५ असं असेल तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर नुसतं पडून राहूनही कडक होतं. कमी खपणाऱ्या मापाचा टायर गोदामात दोन-तीन वर्षं पडलेला असणं नवल नाही. मोठ्या सवलतीमागं पुष्कळदा हेच कारण असतं. वर्षभराच्या आतला असेल तरच घ्यावा. जुना पण फारच स्वस्त मिळत असेल तर त्याच पैशात साध्या कंपनीचा ताजा टायर बरा.

एका वेळी चार परवडत नाहीत आणि दोनच घ्यायचेत, असंही होतं. तेव्हा नवे टायर मागं टाकावेत. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं, कारण या गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना असते आणि पुढचेच लवकर झिजतात. पण पुढचे पाण्यावर तरंगले तर गाडी सरळ जाऊ पाहते, पाय उचलला की सावरते. मागचे तरंगले तर गाडी शेपटाकडून फिरते आणि ती सावरायला सराईत हात लागतो. त्यात दाजीपूरकडून फोंड्याला उतरताना वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात. चांगली पकड तिथंच हवी.

कायद्यानं कारच्या टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत चालतात. नव्या टायरला त्या सात-आठ मिलिमीटर असतात. राधानगरीच्या पावसाला १.६ हा आकडा पुरत नाही. तीनवर आले की बदलावेत. मेमध्ये तपासणी केली तर जूनच्या आधी निर्णय घेता येतो, आणि तेव्हा दुकानात गर्दीही कमी असते. हवा महिन्यातून दोनदा, गाडी थंड असताना बघावी. लांबून आल्यावर तापलेल्या टायरची वाढलेली हवा सोडू नये, कारण ती थंड झाल्यावर कमीच भरेल. आणि टायर बदलल्यावर अलाइनमेंटचे पाच-सातशे रुपये वाचवायला जाऊ नये. आतून झिजलेला नवा टायर सहा महिन्यांत दुकानदाराला दाखवायला नेला, तर त्याच्याकडं त्याचं उत्तर तयार असतं आणि ते बरोबरही असतं.

यादी करायचीच झाली तर माझी अशी: कंपनीचं माप, ओल्या पकडीत वरची श्रेणी, वर्षाच्या आतला शिक्का, चारही एकदम. यात बसेल तो आणि परवडेल तो टायर घ्या. जिल्ह्याबाहेरच्या मित्रानं कोरड्या रस्त्याचे गुण सांगितले तर ऐकून घ्या, आणि त्याला एकदा जुलैमध्ये दाजीपूरला बोलवा.